विहिणीच्या हातचा घास

"आये, आज तरी खातलंस मा?" जानकीने चुलीपुढे बसलेल्या आईला तिसऱ्यांदा विचारलं.

हिराने बांगड्याच्या रटरटत्या तिखल्यात चार तिरफळं टाकली आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मालवणच्या बाजारात हिराएवढी ताजी मासळी कुणाकडे नसायची. कल्ला उघडून लालबुंद दाखवायची, घासाघीस करणाऱ्याला बोलण्यात लोळवायची. पण गेली बारा वर्षं तिने स्वतः माशाचा तुकडा तोंडात घातला नव्हता. ही गोष्ट लपवणंही भाग होतं. मासे विकणारीच मासे खात नाही म्हटल्यावर तिच्याकडून घेणार कोण? म्हणून तिने देवांना कामाला लावलं होतं. सोमवार रामेश्वराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरलेल्या दिवशी दाढ दुखायची. दाढेची ही चिकाटी बघून शेजारणी हसायच्या आणि हिराही त्यांच्यात हसायची.

आज बुधवार होता आणि तोंडवलीहून जानकीच्या सासरची माणसं सोयरीक पक्की करून जेवायला थांबली होती. सासू सुगंधा, सासरा महादू आणि नवरामुलगा गुरुदास. बापलेक दोघेही होडीवर जाणारे. जानकीचा बाप मुंबईकडे वारला, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

विठोबा वारला होता तो वाटेत. एक्कावन्न साली शिमग्याला घरी यायला तो मुंबईहून आगबोटीत बसला आणि ती आगबोट उलटली. काही जण पोहून किनाऱ्याला लागले, काहींची मढी लागली. विठोबाचं काहीच लागलं नाही. सहा वर्षांच्या जानकीचा हात धरून हिरा दोन आठवडे गावोगावच्या वाळूतून फिरली. तेव्हा महिनाभर किनाऱ्यावर कुणी मासळी घेतली नाही. समुद्रातल्या माशांनी काय खाल्लं असेल, ते बोलून दाखवायची गरजच नव्हती. मग लोकांच्या जिभांना चव आठवली, बाजार भरला, बोट विसरली गेली. हिराला पोर जगवायची होती, तिनेही पाटी डोक्यावर घेतली. विकायला तिचा हात कधी अडला नाही, पण घास काही उतरेना.

पानं वाढली. सुगंधाच्या घराण्यात रीत होती, पहिल्या जेवणाला विहिणींनी एकमेकींना घास भरवायचा. तिने बांगड्याचा जाड तुकडा भातात कालवून हात पुढे केला.

"घेवा, विहीणबाय."

"मी घोव नसलेली बायल. ह्यो मान माका नको," हिरा म्हणाली.

"आमच्यात तसला काय नाय."

"माजी दाढ..."

"दाढेचा रवांदे! माजो घोव नि झिल रोज दर्यात जातत. ह्यो घास परत फिरलो तर माज्या जीवाक घोर लागतलो."

हिराने मान खाली घातली आणि सांगून टाकलं, "माजो घोव त्या आगबोटीत होतो. तो गावलोच नाय. तेवापासना माज्यान मासो खावक होणा नाय."

"खंयची आगबोट?" गुरुदासने साधेपणाने विचारलं.

महादू कपाळाला आठ्या घालून आठवू लागला. "एक बुडली होती खरी. साल काय याद नाय."

हिराने झटकन मान वर केली. एवढी माणसं गेली आणि सालसुद्धा कुणाला धड आठवू नये!

सुगंधाचा हात तसाच पुढे होता. "विहीणबाय, आमचो सगळो जलम दर्यावर. तुमच्या मनात दर्याचो असो राग, मगे तुमचा चेडू आमच्याकडे कसा नांदतला?" ती भांडत नव्हती, खरोखरच घाबरली होती.

दाराच्या चौकटीला धरून जानकी उभी होती. हिराने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड उघडलं.

घास गिळला गेला. तिखलं फक्कड झालं होतं, आणि तेच तिला सोसवेना. तरी तिने सुगंधाला घास भरवला, आपल्या पानातला बांगडा शेवटपर्यंत खाल्ला आणि विचारलं, "मीठ कमी पडला काय ओ?" सगळे मोकळेपणाने हसले.

उन्हं कलल्यावर पाहुणे गेले. पानांतले काटे मांजराला टाकायला जानकीने पानं गोळा केली, तर आईचं पान जागेवर नव्हतं, आणि आईही.

हिरा किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने दुमडलेलं पान उघडलं, बांगड्याचे काटे ओंजळीत घेतले आणि दक्षिणेकडे तोंड करून हळूच पाण्यात सोडले. मग हात जोडले.

"आये, ह्या काय करतस?" धावत आलेल्या जानकीने विचारलं.

"तुज्या बापाशीचा एक हाडूकय हाताक लागूक नाय होता," हिरा म्हणाली. "आज लागला, ता पोचयतंय."

जानकीने साडी वर खोचली आणि ती आईच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली.