जोडीचा शब्द

सिनेटर हेन्विक गेल्याची बातमी सायलस ट्रेगेनला कुंपणाची तार ताणताना मिळाली. कॅनबरातल्या हॉटेलात रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. सांगायला त्याची बायको माबेल तशीच एप्रनवर रानात आली होती. हेन्विक त्याच्याच पक्षाचे, त्याला राजकारणात आणणारे. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी सायलसला आठवला जॉब पेनरोज.

"म्हणजे आता खुर्ची भरायला दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक," तो म्हणाला.

"असेना. तू कुठे मत देणार आहेस?"

तेच तर होतं.

जॉब पेनरोज विधिमंडळात समोरच्या बाकावर बसायचा. तांब्याच्या खाणीत तीस वर्षं काढलेला माणूस. खाण बंद पडली, पण तिची धूळ छातीत राहिली. सायलस बार्लीवाल्यांचा आमदार, सरकारी पक्षाचा; जॉब खाणवाल्यांचा, विरोधी पक्षाचा. दोघेही पोर्ट हेलमचे. रविवारी एकाच चॅपेलात एकाच बाकापाशी उभे राहून गायचे आणि मंगळवारी सभागृहात एकमेकांची सालटी काढायचे. मे महिन्यात जॉबने जे अंथरूण धरलं ते धरलंच. तेव्हा रिवाजाप्रमाणे जोडी लावायची वेळ आली. एका बाजूचा आमदार आजारी पडला, की दुसऱ्या बाजूचा एक जण तेवढे दिवस मत द्यायचा नाही, म्हणजे पारडं जिथल्या तिथे राहतं. कायद्यात हे कुठे लिहिलेलं नाही. सगळा कारभार शब्दावर. सायलस आपणहून उभा राहिला. जॉबच्या फाटकाशी हातात हात घेऊन म्हणाला, "तू परत येईस्तोवर माझंही मत नाही."

त्या वेळी ही गोष्ट सोपी होती. मे ते ऑगस्ट सभागृहात गुरांच्या डागण्या आणि रस्त्यांची खडी यापलीकडे काही आलं नव्हतं.

आता सिनेटची खुर्ची आली होती. वसाहती एकत्र होऊन देश झाला तेव्हा या राज्याच्या लोकांची एकच भीती होती, की आपण मूठभर, मोठी राज्यं आपल्याला गिळतील. म्हणून लहानमोठ्या प्रत्येक राज्याला सिनेटात सहा खुर्च्या सारख्याच मिळाल्या. त्यासाठी सायलसच्या बापाने घोड्यावरून बारा मैल जाऊन मत दिलं होतं. आजवर या राज्याच्या खुर्च्या मधेच चार वेळा रिकाम्या झाल्या आणि चारही वेळा विधिमंडळाने अर्ध्या तासात भरल्या. या खेपेला मात्र इथे दोन्ही बाजूंना तेहतीस-तेहतीस आमदार होते. तिकडे कॅनबरात, काम करता न येणाऱ्यांचं पेन्शन कापायचा कायदा एका मतासाठी अडला होता. ते मत हेन्विकांचं होतं.

हिशोब शाळेतल्या पोरालाही जमावा असा होता. जॉब आजारी आणि सायलस बांधलेला, म्हणजे बत्तीस-बत्तीस. अध्यक्षाला जास्तीचं मत नाही. सारखी मतं पडली की कुणीच निवडून येत नाही. सायलसने शब्द मोडला तर खुर्ची सरकारची. आणि जॉब मेला तर जोडी सुटते, तेव्हाही खुर्ची सरकारची.

पक्षाचा प्रतोद लेस्टर क्वेल दुसऱ्याच दिवशी मोटार घेऊन घरी आला. बारा वर्षं तो सायलसच्या शेजारच्या बाकावर बसत होता. माबेलने भाजलेल्या मांस-बटाट्याच्या पेस्टीची त्याने तारीफ केली, बार्लीचं विचारलं, गुडघेदुखीचं विचारलं. मग म्हणाला, की हेन्विकांची खुर्ची आपलीच होती, आपल्याकडेच राहावी यात गैर काय? सायलसलाही ते पटत होतं. खरं तर पूर्ण पटत होतं.

"मी नाही म्हणत नाही, लेस्टर. पण मी हात दिलाय."

"कोण म्हणतंय मोड म्हणून? मी नुसतं विचारतोय. जॉबची तब्येत कशी आहे?"

"बरी नाही."

"बरी नाही म्हणजे किती बरी नाही?"

सायलसने त्याच्याकडे पाहिलं. क्वेल बशीतला चुरा बोटाने गोळा करत होता.

"तू शेजारी. रोज जाऊन येत जा," क्वेल म्हणाला. "मला कळवत जा. माणुसकी म्हणून."

"एक सांगून ठेवतो," सायलस म्हणाला. "शब्द मोडायचाच झाला, तर आधी जॉबला कळवीन. पाठीमागून करणार नाही."

"ते काय मला माहीत नाही?" क्वेल हसला आणि टोपी घेऊन उठला.

सायलस जॉबकडे रोज जात होताच. पण आता पाय अडखळायला लागले. दारातून आत शिरताना आपण आजारी माणसाला बघायला आलोय की किती उरलाय ते मोजायला, हे त्याचं त्यालाच कळेना. वाऱ्याचे दिवस होते. खाणीच्या राखेच्या ढिगांवरून लाल धूळ उठायची आणि जॉबची बायको एडिथ खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबायची. जॉब चार उशांना टेकून बसलेला असायचा, कारण आडवं झालं की श्वास मिळत नसे.

चौथ्या दिवशी शहरातून एक डॉक्टर आला. कुणी बोलावलं नव्हतं. सरकारने काळजीपोटी पाठवलाय म्हणाला, जॉबची नाडी पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि एकही औषध न देता गेला. दोन दिवसांनी जॉबच्या पक्षाचा नेता मॅकार्डल आला. त्याने गाडीत पलंगाचा डबा राखून ठेवला होता. बैठकीच्या बुधवारी जॉबला झोपवून न्यायचं, सभागृहात उचलून न्यायचं, एक मत, की परत. गावचा डॉक्टर म्हणाला, की याला स्टेशनापर्यंत नेलं तरी पुरे, पुढचं तिकीट काढू नका.

"दोन्हीकडचे माझ्या उशाशी बसलेत," जॉब म्हणाला. बोलताना तो प्रत्येक दोन शब्दांवर थांबत होता. "एकाला मी मेलेला हवाय, दुसऱ्याला मेलो तरी चालेल."

"तू हलायचं नाहीस. तू आलास तरी सारखीच मतं, नाही आलास तरी सारखीच. मी आहे ना."

"मला माहीत आहे रे. मॅकार्डलला पटत नाही. पेपरात आलंय, ट्रेगेनचं मन बदलतंय म्हणून."

ते पेपरात कुणी घातलं, हे सायलसला विचारावं लागलं नाही. बाहेर पडताना एडिथने त्याला फाटकाशी गाठलं.

"मिस्टर ट्रेगेन, त्यांचा जीव आता तुमच्या शब्दावर आहे. तुमचा भरवसा वाटला तर ते घरी राहतील. नाही वाटला तर उठतील. मी आडवी पडले तरी ऐकायचे नाहीत."

सायलस त्याच दुपारी शहराला गेला आणि मॅकार्डलपुढे बसून कागदावर लिहून दिलं, की पेनरोज गैरहजर असेपर्यंत मी मत देणार नाही. सही केली. आपल्या पक्षाच्या माणसाने समोरच्याला असा कागद द्यावा, हे त्या इमारतीत कधी घडलं नव्हतं. मॅकार्डलने कागद दोनदा वाचला आणि पलंगाचा डबा रद्द करतो म्हणाला. केला मात्र नाही.

संध्याकाळच्या आत क्वेलला बातमी लागली. तो चिडला नाही. लांबलचक मार्गिकेत जिथे आजवरच्या सिनेटरांची नावं सोनेरी अक्षरांत लिहिली आहेत, तिथे त्याने सायलसच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या निवडणुकीत पोर्ट हेलमसाठी एक तरुण माणूस पाहतोय म्हणाला. बार्ली भरायचा रेल्वेचा फाटा तोट्यात चाललाय, बंद करावा लागेल असं दिसतंय, म्हणाला. हे सगळं तो हवापाण्याचं बोलावं तसं बोलला.

"आणखी काही?" सायलसने विचारलं.

"नाही. बुधवारी भेटू. बुधवारपर्यंत काहीही होऊ शकतं."

ते शेवटचं वाक्य सायलसच्या डोक्यातून जाईना. सोमवारी तो शहरात लॉजवर राहायला आला तेव्हा माबेलला बजावून आला, की दिवसातून दोनदा जॉबच्या घरी जा, अनोळखी कुणी आलं तर हाकलून दे, कुठल्याही डॉक्टरने दिलेलं पाजू देऊ नकोस. माबेलने तसंच केलं. मंगळवारी रात्रीपर्यंत कुणी आलं नाही.

बुधवारी सकाळी सातला पोस्टाची बाई तार घेऊन पेनरोजांच्या दारात उभी राहिली. तार शहरातून होती. 'आज मत देणार. जोडी सोडली. आधी कळवतोय. ट्रेगेन.'

एडिथ पोस्टात धावली, सायलसच्या लॉजला टेलिफोन लावला. ट्रेगेन न्याहारी करून निघून गेलेत, असं उत्तर आलं. ती परत येईपर्यंत मॅकार्डलने डब्याबरोबर पाठवलेले दोन कार्यकर्ते जॉबला कोट चढवत होते. पलंगाचा डबा स्टेशनात तयारच होता. माबेल आडवी उभी राहून सांगत होती, की माझा नवरा असं करणार नाही. पण तिचं कोण ऐकणार? ती ट्रेगेनची बायको होती.

सायलसला यातलं काही माहीत नव्हतं. तो बाकावर हात बांधून बसला होता. बैठक दोनला भरली. हेन्विकांवर दु:खाचे दोन शब्द झाले, दोन नावं सुचवली गेली. तीनच्या सुमाराला मॅकार्डलच्या हातात कुणी चिठ्ठी दिली. ती वाचून तो जागच्या जागी बसला. मग मान वळवून त्याने सायलसकडे असं पाहिलं, की सायलस उठून त्याच्याकडे गेला. सगळ्यांदेखत, मधली मोकळी जागा ओलांडून.

"पेनरोज गाडीतच गेला, तीन स्टेशनं अलीकडे," मॅकार्डल म्हणाला. "तुझी तार खिशात होती त्याच्या."

"कसली तार?"

मॅकार्डलने त्याला चिठ्ठी दाखवली. तारेतले शब्द तिच्यात उतरवून घेतले होते. 'आधी कळवतोय' हे वाचताना सायलसला माबेलच्या टेबलावरची ती बशी दिसली, चुरा गोळा करणारं बोट दिसलं. ती तार तो बोलला असता तशीच होती. त्याचेच शब्द कुणीतरी जपून ठेवून, हवे तेव्हा बाहेर काढले होते.

मतदानाची घंटा वाजायला लागली. ती थांबली, की दारं बंद होतात. जो आत राहील त्याला कुठल्यातरी बाजूला उभं राहावंच लागतं. क्वेल त्याच्या शेजारी आला.

"वाईट झालं," तो हळू आवाजात म्हणाला. "पण आता जोडी उरली नाही, सायलस. तू मोकळा आहेस. रीतसर मोकळा. तुला कुणी नाव ठेवू शकत नाही."

"तार तू केलीस?"

"कुठली तार?" क्वेल म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नाही. "घंटा वाजतेय. जागेवर जा."

सायलस क्षणभर उभा राहिला. नंतर त्याने माबेलला सांगितलं, की त्या क्षणी आपल्याला पलीकडच्या बाजूला जाऊन उभं राहावंसं वाटलं होतं. एका मताने खुर्ची मॅकार्डलला गेली असती आणि क्वेलची चांगली जिरली असती. पण तसं बोलणं झालं नव्हतं.

"मी जॉबला म्हणालो होतो, तू परत येईस्तोवर," तो क्वेलला म्हणाला. "तो आलेला नाही."

आणि तो दाराकडे चालायला लागला. क्वेलने त्याची बाही धरली. सायलसने ती सोडवून घेतली. दारवानाने त्याला बाहेर जाऊ दिलं आणि मागे कडी लावली. बत्तीस-बत्तीस. कुणीच निवडून आलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगायचं, तर खुर्ची सात महिने रिकामी राहिली आणि पेन्शनचा कायदा तितके महिने अडून पडला. बार्लीचा फाटा उन्हाळ्यात बंद झाला. सायलसचं तिकीट कापलं गेलं. तारेचा मूळ कागद पाहायला तो शहराच्या पोस्टात तीनदा गेला. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं, की कागद वर मागवून घेतलाय. कुणी मागवला ते सांगता येत नव्हतं. सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा ती खुर्ची सरकारी पक्षाने जिंकली. उमेदवार लेस्टर क्वेल होता.

पण सायलसच्या जिवाला जे लागून राहिलं ते याच्या आधीचं, दफनाच्या दुसऱ्या दिवशीचं. तो एडिथकडे गेला होता. गावात अर्ध्या लोकांचं म्हणणं, त्यानेच तार केली आणि मग लाज वाटून बाहेर निघाला. एडिथने दार उघडलं, त्याला आत घेतलं, चहा ठेवला. खिडकीतल्या चिंध्या तिने काढून टाकल्या होत्या आणि ओट्यावर धूळ बसली होती.

"ती मी केली नव्हती," सायलस म्हणाला.

"माहीत आहे मला. माबेलने सांगितलं, आणि तुम्ही बाहेर निघालात तेही कळलं."

सायलसने श्वास सोडला. एडिथ मात्र अजून बोलायची थांबली नव्हती.

"पण त्यांना माहीत नव्हतं. तार वाचली आणि हसले ते. मला म्हणाले, बघ, सायलसच तो, मोडला तरी आधी कळवून मोडला. गाडीत बसेपर्यंत तुमची बाजू घेत होते माझ्याशी." तिने कप त्याच्यापुढे सरकवला. "रागावून गेले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं मला."

सायलसने कप उचलला. न पिताच परत खाली ठेवला. एडिथ उठून ओटा पुसायला लागली.