बटाट्याचं माहेर

१९८३ सालच्या ऑगस्टमधल्या शेवटच्या मंगळवारी गोवर्धन नेहमीप्रमाणे साडेपाच वाजता उठला. बेटाच्या मध्यावर असलेल्या व्हाकोआच्या पठारावर रात्रभर चाललेली झिमझिम थांबली होती, पण पत्र्याच्या पन्हळीतून पाणी अजून गळत होतं. त्याने दाढी केली, स्टोव्हवर तापवलेल्या पाण्याने अंघोळ केली आणि देवापुढे क्षणभर हात जोडून उभा राहिला. त्याची आई, कुंतीबाई, तुळशीला पाणी घालून आत येत होती. पत्नी जमुना क्वात्र बॉर्नच्या शाळेत शिकवत असे. तिची बस पावणेसातची असल्यामुळे तिने लोणी लावलेला पाव उभ्याउभ्याच संपवला. गोवर्धनने बसून दोन कप चहा घेतला, मग पिशवी भरली. तिच्यात पाहणीची वही, भिंग, चाकू आणि तपकिरी लिफाफे होते. गमबूट चढवून त्याने मोटारसायकल काढली. ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

तो शेतकी खात्यात पाहणी अधिकारी होता. नव्याने लावलेल्या उसाच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यांत लहान शेतकरी बटाटा घेत. त्यातल्या निरोगी शेतांचा बटाटा पुढच्या हंगामासाठी बियाणं म्हणून राखला जाई. शेत निरोगी आहे असा दाखला देणं हे गोवर्धनचं काम. त्याची सही झाली की ते बियाणं सहकारी संस्थेमार्फत बेटाच्या चारी बाजूंना जात असे. त्या दिवशी पाहणी होती ती ला मारीच्या बाजूला असलेल्या सीतारामकाकांच्या शेताची. सीताराम हा त्याच्या वडिलांचा धाकटा भाऊ. बियाणं गुरुवारी उचललं जायचं होतं.

काका बांधावर कुदळीला टेकून उभे होते.

"ये, साहेब. तुझी गाडी वाजली की माझे पोमदेतेर सावधान उभे राहतात," ते म्हणाले. बटाट्याला तिथे सगळेच तसं म्हणत.

"उभेच राहिलेत तर बरं, काका. मागच्या वर्षी अर्धे आडवे होते."

"मागच्या वर्षी तुला तरी कुठे काय येत होतं? आता तू क्विटो बघून आलायस."

गोवर्धन हसला आणि कामाला लागला. दर विसाव्या झाडाशी थांबायचं, पानं उलटून बघायची, एक झाड उपटून मुळं तपासायची, वहीत खूण करायची. पीक चांगलं होतं. दोन तासांनी तो शेताच्या टोकाला पोचला. तिथे शेतातून वेचलेल्या काळ्या दगडांचा ढीग होता, आणि ढिगाच्या आडोशाला सहा झाडं वेगळी दिसत होती. पान बारीक, खोड जांभळट, फूल जांभळं. दोन झाडं पिवळी पडून खुरटली होती.

असं झाड या बेटावर कुठेही नव्हतं. ते त्याने फक्त एका ठिकाणी पाहिलं होतं.

"काका, ही कुठून आली?"

"ओळख बघू."

"काका."

"अरे, तुझ्या आईनं दिलीत. तू आणलेल्यांतली. टोपलीत मोड आले म्हणाली, टाकवत नाहीत. गणपतीला नैवेद्यात ठेवायची आहेत, तोवर पोराला सांगू नको म्हणाली. आता तूच शोधून काढलीस, तर माझा काय इलाज?"

गोवर्धन खाली बसला. पण लगेच झाड उपटायला त्याचा हात पुढे झाला नाही.

मे महिन्यात खात्याने त्याला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी क्विटोला पाठवलं होतं. अँडीज पर्वतातली ती जुनी राजधानी नऊ हजार फुटांहून उंच आहे, हे त्याने जाण्यापूर्वी वाचलं होतं. पण बेटावरच्याच क्युरपिप गावाला वर जायचं म्हटलं की कपाटातून स्वेटर काढणाऱ्या माणसांत तो वाढला होता. उंची म्हणजे थोडी थंडी आणि जास्त पाऊस, एवढीच त्याची कल्पना. पहिल्याच दुपारी जुन्या शहरातला एक दगडी चढ चढताना त्याची छाती भरून आली, कानशिलं ठणकू लागली, आणि तो एका चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिला. झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या एका बाईने त्याला दालचिनीचं गरम पाणी दिलं. खाली पांढऱ्या भिंतींची आणि लाल कौलांची घरं दरीच्या काठापर्यंत दाटीने उतरत गेली होती. वर ज्वालामुखीचा डोंगर ढगात अर्धा बुडाला होता. दुपारी पाऊस आला तेव्हा चौकातली माणसं कमानींखाली शांतपणे उभी राहिली, जणू रोजच्या पाहुण्याला वाट करून देत होती.

चर्चच्या आत भिंती, खांब, छत, सगळं सोन्याने मढवलेलं होतं. तिथल्या वाटाड्याने सांगितलं की या चर्चचे दगड इथल्याच मूळच्या लोकांनी पाठीवर वाहून आणले होते. ते ऐकताना गोवर्धनला उसाच्या मळ्यांतले काळ्या दगडांचे ढीग आठवले. ते त्याच्या पणजोबांच्या पिढीने हाताने रचले होते. सोनं बघून डोळे दिपले, पण मन निवलं नाही. पुढचे तीन आठवडे त्या सुंदर शहरात तो अपुरा श्वास घेत हिंडला.

घरून निघताना आई म्हणाली होती, "ते गाव बटाट्याचं माहेर ना रे? मग तिथले मूठभर घेऊन ये." प्रत्येक एकादशीला आणि शिवरात्रीला तिचा उपास बटाट्यावर निघे. ज्याने जन्मभर साथ दिली त्याच्या माहेरची खूण घरात असावी, असं तिला वाटत होतं. शेवटच्या दिवशी बाजारात फेल्टची टोपी घातलेली एक म्हातारी पिवळेधमक लहान बटाटे विकत होती. त्याने मूठभर मागितले, तर तिने आणखी मूठभर वर घातले आणि हाताने खुणा करून दाखवलं, मातीत पुर. त्याने मान हलवली. कोटाच्या आतल्या खिशात ते बटाटे घेऊन तो प्लेझान्सच्या विमानतळावर उतरला. घोषित करण्यासारखं काही आहे का, असं विचारल्यावर तो नाही म्हणाला. परदेशातून रोपं, बियाणं, माती आणू नका, हे खात्याचं पत्रक बेटावरच्या क्रिओल बोलीत त्यानेच लिहिलेलं होतं.

घरी आल्यावर त्याने आईला बजावलं होतं, सगळे आजच शिजव. रात्री ताटात पिवळे बटाटे आले, आणि त्याने तो विषय मनातून काढून टाकला. जूनमध्ये मराठी मंडळात त्याचं भाषण झालं. पडद्यावर क्विटोच्या पारदर्शिका दाखवताना तो शहराबद्दल पुष्कळ बोलला. आई पहिल्या रांगेत बसली होती. त्या वेळी सहा बटाटे ला मारीच्या मातीत होते.

त्याने एक खुरटलेलं झाड हळूच उपटलं, मुळं चरात साचलेल्या पाण्यात हलवली आणि भिंग लावलं. मुळांना टाचणीच्या टोकाएवढे दाणे चिकटले होते. काही पांढरे, काही तपकिरी.

"मला बघू दे," काका म्हणाले. त्यांनी एक डोळा मिटला. "खसखस सांडल्यासारखं दिसतंय."

"बटाट्याची मुळं खाणारे किडे आहेत ते, काका. मला वाटतं तेच आहेत. एकेका दाण्यात शेकडो अंडी असतात."

"सहा झाडं तर आहेत. उपटू आणि जाळू. पेट्रोल तुझ्या गाडीत आहेच."

"झाडं जळतील. दाणे मातीत राहतात, मातीबरोबर फिरतात. वीस वर्षं."

"वीस वर्षं मी कुठे राहतोय?"

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"खात्रीनं सांगता येतं तुला?"

"नाही. प्रयोगशाळेत बघावं लागेल."

"मग खात्री नसताना लिहायचं कशाला?"

"खात्री व्हावी म्हणूनच पाठवायचं असतं."

काका दगडावर बसले. त्यांचा आवाज आता उतरला होता. "हे बघ. माझं बियाणं नाकार. मर रोग लिही. मर सगळ्यांकडे असते, कुणी विचारणार नाही. मी हे बटाटे खायला म्हणून विकीन. खाणाऱ्याला काय होतंय? मी तोंडातून शब्द काढणार नाही. वहिनी पण नाही."

हा मार्ग गोवर्धनला काकांच्या आधीच सुचला होता, म्हणून तो अधिक लाजला. मर रोग लिहिला तर बियाणं थांबेल. पण पोती मातीसकट क्वात्र बॉर्नच्या बाजारात जातील, सालं परसांत पडतील. काकांचा बैल आणि गाडी आठ शेतकऱ्यांत मिळून वापरली जात होती. ही माती खुरांना लागून आठ शेतांत जाईल. शेत बंद करायचं तर खरं कारण लिहावं लागेल, आणि खरं कारण लिहिलं की ते कुठून आलं हा प्रश्न येणारच.

"नोकरी जाईल तुझी," काका म्हणाले.

"जाईल बहुतेक."

"तुझा बा ऊस तोडता तोडता गेला. तू वही घेऊन शेतात येतोस ते त्यानं बघितलं नाही. मी बघतो. मला अजून बघायचं आहे."

"तुमचं पण नुकसान आहे, काका. इथे पुन्हा बटाटा लावता येणार नाही."

"ते मी विचारलं नाही तुला," काका म्हणाले आणि तोंड फिरवलं.

दुपारी गोवर्धन घरी आला. कुंतीबाई तांदूळ निवडत होती. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"सगळे शिजव म्हणालो होतो, आई."

"शिजवले की. तू खाल्लेस."

"सहा ठेवलेस."

"माहेरून आलेलं सगळं संपवतात का रे? थोडं ठेवायचं, रुजवायचं. माझ्या आईनं तेच केलं, तिच्या आईनं तेच. तुझ्या पणजोबांनी कोकणातून तुळशीचं बी कमरेला बांधून आणलं. त्यांच्याकडून कुणी कागद लिहून घेतला?"

"त्यांना माहीत नव्हतं, आई. मला माहीत होतं."

त्याने सगळं समजावून सांगितलं. किड्याबद्दल सांगितलं, आठ शेतांबद्दल सांगितलं. बराच वेळ ती तांदळातला एकच खडा बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिली.

"लिही, कुंतीनं लावले," शेवटी ती म्हणाली. "म्हातारीला काय करतील? फार तर रागावतील."

"लावायला तू दिलेस. आणले मी."

"मी मागितले म्हणून आणलेस."

"तू मागायचं, आणि मी नाही म्हणायचं. ते माझं काम होतं."

तिने पदर डोळ्यांना लावला नाही. उठून तिने त्याचं ताट वाढलं. "जेवून घे. उपाशीपोटी असलं काही लिहू नये."

तो जेवला. मग त्याच टेबलावर वही बाजूला सारून कोरा कागद घेतला. प्रतिवृत्त इंग्रजीत लिहायचं असे आणि त्याला त्याची सवय होती. पण पहिलं वाक्य जमायला वेळ लागला. संशयित किडीचं नाव, झाडांची जागा, किती झाडं, हे सगळं सरळ आलं. नंतर त्याने लिहिलं की हे बटाटे खाली सही करणाऱ्याने क्विटोहून येताना परवानगीशिवाय आणले, विमानतळावर सांगितले नाहीत, आणि ते त्याच्या घरातून शेतात गेले. शेतमालकाला त्यातल्या धोक्याची कल्पना नव्हती. बियाणं उचलू नये, शेत बंद करावं, गाडी आणि बैल धुतल्याशिवाय बाहेर नेऊ नयेत.

"त्यात सीतारामभावजींचं नाव आहे?" आईने दारातून विचारलं.

"शेताचं आहे. त्यांचा दोष नाही असंही आहे."

"आणि माझं?"

"माझ्या घरातून, असं लिहिलंय."

तिने थोडा विचार केला. "तेवढं चालेल," ती म्हणाली.

त्याने सही केली आणि तारीख घातली. मुळांचा नमुना दोन लिफाफ्यांत एकात एक घालून बंद केला. बूट ब्रशने घासून धुतले, ते पाणी चुलीवर उकळलं आणि मगच मोरीत ओतलं.

क्युरपिपच्या कार्यालयात पोचला तेव्हा अडीच वाजले होते. आवक टेबलावरच्या इंद्राणीने दाखल्यासाठी हात पुढे केला.

"दाखला नाही आज," गोवर्धन म्हणाला. "प्रतिवृत्त आहे. आणि हा नमुना, प्रयोगशाळेसाठी. आजच जायला हवा."

"साहेब पोर्ट लुईला गेलेत. उद्या येतील. तोवर तुमच्याकडेच ठेवा ना."

"नको. नोंद करून घ्या."

तिने शिक्का मारला आणि क्रमांक घातला. कागद तोंड खाली करून तिने साहेबांच्या तबकात ठेवला. तिने तो वाचला नव्हता. "ते क्विटोचे फोटो आमच्या मंडळातही दाखवा की," ती म्हणाली. "सासूबाई सारख्या विचारतात."

"बघू," तो म्हणाला.

संशय आला तर पाहणी अधिकाऱ्याने त्याच दिवशी शेत बंद करावं, असा नियम होता, आणि आज तरी तो पाहणी अधिकारी होता. त्याने भांडारातून दोरखंडाचं भेंडोळं आणि लाल पाट्या घेतल्या, वहीत सही केली आणि ला मारीला परत गेला.

काका तिथेच होते. बैल सोडून, त्याचे खुर धुऊन त्यांनी तो दूरच्या झाडाला बांधला होता, गाडी बांधाच्या आत उभी होती. चाकांवरची माती कुणीतरी खरवडून काढली होती. गोवर्धनने कोपऱ्यातल्या खुंट्याला दोरखंडाची गाठ मारली आणि भेंडोळं उलगडत चालू लागला. दुसरा कोपरा गाठण्याआधी काकांनी पुढे होऊन टोक हातात घेतलं.

"ढिला पडतोय," ते म्हणाले. "ताण."

त्याने ताणला. दोघांनी मिळून चारी बाजू बांधल्या.