सातव्या ओळीतला तुटका खिळा

मोठ्या सरांनी तिचं बोट मोडलं त्याला अकरा वर्षं झाली होती. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं. पोलादी पट्टीच्या धारेने, एकाच फटक्यात. कारण काय, तर दोन गोल अक्षरांमध्ये केसभर जागा जास्त सुटली होती. बोट पुढे सांधलं, पण सरळ म्हणून कधी झालं नाही. आणि इतकी वर्षं ती ते वाकडं बोट लोकांना कौतुकाने दाखवत आली होती. "ही मोठ्या सरांची सही," म्हणायची. लोक हसायचे, तीही हसायची.

आता सरांच्याच तळघरात ती अक्षरजुळणीचा शेवटच्या वर्षाचा वर्ग घेत होती. विद्यापीठात याच्या वरचा वर्ग नव्हता. नऊ मुलं, दोन हातछपाईची यंत्रं, शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांनी, भरलेली कपाटं, मधोमध गुळगुळीत दगडाचं टेबल आणि फुटपाथच्या उंचीवर एक खिडकी, तिच्यातून दिवसभर नुसते बूट जाताना दिसायचे. वर्षभर मुलं संगणकावर अक्षरं बेतायची, पण परीक्षेचं पान मात्र हाताने एकेक खिळा जुळवूनच छापायचं, हा सरांनी घालून दिलेला नियम. तो तिने मोडला नव्हता. तिने कधी कुणाला मारलंही नव्हतं. पण सरांची ती पट्टी भिंतीवरच्या हुकाला होती तशीच लटकत ठेवली होती.

निवृत्त झालेले सर आज परीक्षक म्हणून येणार होते. पाच वर्षं ती कंत्राटावर होती. यंदा कायम व्हायचं नाहीतर घरी बसायचं, आणि ते ठरणार होतं सरांच्या अहवालावर. नोकरी गेली की पाळणाघरही जाणार. ग्रंथालयाच्या मागे होतं ते, फक्त इथल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. चौदा महिन्यांची तिची लेक तिथे असायची. दर तासाला ती काहीतरी निमित्त काढून जिना चढायची आणि काचेतून बघून यायची. लेक झोपलेली असली तर छाती वरखाली होताना दिसेपर्यंत हलायची नाही.

"आज नंदीबैल व्हायचं," सकाळी नवऱ्याने बजावलं होतं. "सर काहीही म्हणोत, तू मान डोलव. बास."

ती तर त्याच्याही पुढे गेली होती. या वर्गाची एक रीत होती. परीक्षेच्या दिवशी नऊ मुलांची नऊ पानं बिननावाची भिंतीवर लावायची आणि त्यांत गुपचूप दहावं पान एखाद्या मुरलेल्या कारागिराचं घालायचं. ते कोणतं, हे मुलांनी हुडकायचं. यंदा दहावं पान तिने खुद्द मोठ्या सरांचं निवडलं होतं. सत्तावीस ओळींचं, तीस वर्षांपूर्वी त्यांना पदक मिळवून देणारं. जुळवलेले खिळे छापखान्याच्या मास्तरांनी सुतळीने बांधून इतकी वर्षं जपून ठेवले होते. काल दुपारी त्यांनी ते यंत्रावर चढवले आणि मुलांच्याच कागदावर एक ताजी प्रत काढली. सर पानापुढे थबकतील, ओळखतील, हसतील, मग आपल्या पाठीवर हात ठेवतील, असं सगळं तिने मनाशी रंगवलं होतं.

"मॅडम," मास्तर शाई पुसत म्हणाले होते, "मस्का लावायचा तर जरा पातळ लावा."

अकराच्या ठोक्याला सर आले. जिना उतरताना त्यांचा तळवा भिंतीवरून सरकत होता आणि शेवटच्या पायरीवर पाय किंचित चाचपडला. तिने ते टिपलं. लेक झाल्यापासून कोण कुठे अडखळतंय, कुठली कड टोकदार आहे, हे तिच्या नजरेतून सुटत नसे. गुडघे असतील, वय झालं, असं तिने स्वतःला समजावलं.

सर पहिल्या पानापाशी गेले. नाक टेकेल इतके जवळ. मग मागे न बघता हात लांबवून त्यांनी हुकावरची पट्टी काढली आणि अक्षरांमधली जागा मोजायला लागले. 'मोजायचं डोळ्याने, पट्टी असते मारायला,' हे या माणसाचं पहिल्या दिवसाचं वाक्य. गोलाशेजारी गोल आलं की जागा कमी लागते, दांड्याशेजारी दांडा आला की जास्त. पट्टीने मोजलं तर चांगलं पान चुकीचंच निघणार.

सरांनी खिशातून पातं काढलं आणि पान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडलं.

"सर, दोन महिने लागले होते त्याला," उंट म्हणाला. वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, नावाप्रमाणे वाकूनच बोलायचा.

पट्टी आडवी त्याच्या कानावर बसली. "दोन महिने? मग कचरा चांगला मुरलाय की!"

दुसरं पान फाटलं. तिसरं फाटलं. एका मुलाच्या मनगटावर फटका, दुसऱ्याच्या मानेवर. खिडकीतून बूट जात राहिले. ती मान डोलवत होती.

चौथं पान सरांचं होतं.

ते थबकले. त्यांनी पट्टी लावली, सरकवली, पुन्हा लावली.

"हे कुठल्या गाढवाचं?" सर गरजले. "इथे जागा आखडलीय, तिथे सांडलीय. आंधळ्याने जुळवलंय का?"

पातं कागदात शिरलं आणि खाली आलं. मग आडवं गेलं. पदकाच्या पानाच्या चार चिंध्या टाचण्यांवर लोंबायला लागल्या.

सगळ्यात जवळ उभी होती मुंगी. एवढीशी पोर, हात मात्र असे की मास्तरांच्या आधी ओळ जुळवून मोकळी. मुलांनी ते पान सकाळीच ओळखलं होतं. मुंगीने डोळे मोठे करून मॅडमकडे पाहिलं आणि 'मॅडम' म्हणून पुटपुटली.

"तिला काय हाका मारतेस? तुझं का हे?"

"नाही सर."

"मग कोणाचं?"

मुंगी पुन्हा मॅडमकडे बघायला लागली.

"हात पुढे."

मुंगीने हात पुढे केला. पहिला फटका सपाट बसला. दुसरा धारेने. तिसऱ्याला बोटांची सालं निघाली आणि रक्ताचे थेंब फरशीवर पडले.

बोलायला चार शब्द लागले असते. ते तिच्या जिभेवर येऊन बसले होते. पण नऊ मुलांसमोर सरांचा असा पचका झाला तर अहवाल काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिला पाळणाघराची काच दिसली. लेकीचा काढून ठेवलेला एक मोजा दिसला. वाकडं बोट ठणकायला लागलं.

चौथ्या फटक्याला कट्कन आवाज झाला. मुंगी रडली नाही. तिने नुसता श्वास कोंडला, तोंड उघडं, चेहरा निळसर. पलंगावरून पडलेलं बाळ रडण्याआधी असंच करतं.

"सर, ते पान तुमचं आहे."

सर वळले आणि पट्टी तिच्या गालावर बसली. "माझं? माझं पान मला ओळखू येणार नाही, पोरी?"

"नाही आलं." तोंडात रक्ताची चव येत होती. "तुम्हाला दिसत नाही, सर."

सरांच्या दुसऱ्या हातात अजून पातं होतं. ते पुढे झेपावले. तिने हात आडवा घातला, बाही कोपरापर्यंत उभी चिरली, आणि तेवढ्यात उंटाने मागून सरांना विळखा घातला. दोघे कपाटावर आदळले. चार खण भडाभड खाली आले, हजारो खिळे फरशीवर उसळले. पातं कुठेतरी घरंगळलं, पट्टी दगडाच्या टेबलावर जाऊन पडली. सर लाथा झाडत होते, उंटाच्या नाकातून रक्त येत होतं. "सोड, हरामखोरा, सोड मला!"

"साहेब." मास्तरांनी आवाज चढवला नाही. पस्तीस वर्षं ते या तळघरात होते, आणि सरांना साहेब म्हणणारे तेवढेच एक. त्यांनी सरांचं मनगट धरलं, यंत्रापाशी नेलं आणि बांधलेल्या खिळ्यांवर त्यांचा हात टेकवला. "सातवी ओळ बघा. हातानेच बघा."

सर फुणफुणत उभे राहिले. मग त्यांची बोटं चालायला लागली. शिशाची उलटी अक्षरं, एकेक करत. पहिली ओळ, दुसरी. सातव्या ओळीच्या मध्यावर बोटं थांबली. तिथे शेपूट तुटलेला एक खिळा होता. तीस वर्षांपूर्वी तेवढं एक अक्षर खणात कमी पडलं होतं आणि ऐन वेळी तुटकं घालावं लागलं होतं. हे माहीत असलेली दोन माणसं जगात होती आणि दोघेही यंत्राशी उभे होते.

सर बराच वेळ तो खिळा चाचपत राहिले.

मग ते दगडाच्या टेबलाशी आले, पट्टी चाचपून उचलली आणि मुंगी जिथे हुंदके देत होती त्या दिशेने धरली. उजवा हात दगडावर पालथा ठेवला. "मार."

कुणी हललं नाही.

"मार म्हणतो ना! का हातात जीव नाही?"

मुंगीने डाव्या हाताने पट्टी घेतली आणि मारली. सर हलले नाहीत. तिने पुन्हा मारली. धारेने. तिसऱ्याला सरांचे गुडघे वाकले. चौथ्याला हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"फिट्टंफाट झाली, बास!" उंट ओरडला.

पण मुंगी थांबेना. पाचवा, सहावा. तेव्हा कुठे मॅडम पुढे झाली. पट्टी तिच्या तळहातात रुतली, तरी तिने ती सोडली नाही. मुंगी तिच्या अंगावर कोसळली, मग मात्र बाळासारखी मोठ्याने रडली. तिच्या केसांवर हात ठेवून उभी असताना मॅडमला कळून चुकलं, की आपण एकपासून मोजत होतो. चारपर्यंत आपल्याला थांबवायचंच नव्हतं.

विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चार जणांना पट्ट्या बांधल्या. मुंगीचं एक बोट, सरांची तीन. उंट आरशात नाक बघून म्हणाला, "आता खरा उंट दिसतोय." मास्तर रॉकेलच्या फडक्याने पोलादी पट्टी पुसत होते. हात सवयीने हुकाकडे गेला, मग ती त्यांनी भंगाराच्या पेटीत टाकली.

दुपारी सर टेबलाशी बसून होते. "अहवाल तू लिही," ते म्हणाले. "माझ्याने व्हायचं नाही."

तिने लिहिला. परीक्षकांनी चार विद्यार्थ्यांना मारहाण केली. परीक्षकांची दृष्टी गेलेली आहे आणि ते वर्गशिक्षिकेच्या ध्यानात यायला हवं होतं. चार फटके पडेपर्यंत वर्गशिक्षिका गप्प उभी राहिली, नोकरी जाईल म्हणून. फाटलेली पानं नव्या परीक्षकाने पुन्हा पाहावीत. शेवटची ओळ लिहायला तिला वेळ लागला. मग तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"'खणांचं कपाट अंगावर पडून परीक्षकांची बोटं चेपली,'" सरांनी शेवटचं वाक्य परत म्हटलं. "हे खोटं आहे."

"हो."

"त्या मारणाऱ्या पोरीसाठी?"

"हो."

"आणि तुझं? ते वरचं तू कशाला घातलंस? कायम करतील का तुला आता?"

"नाही करणार."

सरांनी डावा हात पुढे केला. "सही जमणार नाही. शाई आण."

चाळीस वर्षं लोकांना अक्षरं शिकवलेल्या माणसाचा अंगठा तिने छपाईच्या शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. ठसा जाड उमटला, कडेला पसरला. "कसा आलाय?" त्यांनी विचारलं.

"शाई जास्त झाली."

"हं," सर म्हणाले.

पाळणाघराच्या दारात ताई लेकीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. मॅडमचा सुजलेला गाल आणि बांधलेला हात बघून त्यांचा आ वासला. "अगं बाई! हे काय?"

"कपाट पडलं. हिला काही लागलं नाही ना? कुणी मारलं नाही ना?"

"हिला कोण मारतंय! हिनेच आज एकाला चावलं. सोडायलाच तयार नाही, दोघींनी ओढून काढली."

लेकीने आईला पाहिलं, खिदळली आणि सुजलेल्या गालावर सणसणीत चापट मारली. दुसरी उगारली तेव्हा आईने ते इवलंसं मनगट हवेतच पकडलं. जरा जास्तच घट्ट. लेकीने श्वास कोंडला, तोंड उघडं.

आईने ताबडतोब सोडलं. मनगटावर लाल वळ उठला होता. लेकीला मोठा हुंदका फुटला आणि आई तिला छातीशी धरून तिथेच पायरीवर बसली, वळावर फुंकर घालत.

"ताई," ती म्हणाली, "हिची जागा बहुतेक महिनाअखेरपर्यंतच आहे."