चार्जरची भिंत

टेपचे दुसरे टोक जगनच्या हातात होते आणि तो ते भिंतीवर इतके दाबून धरत होता की हर्षदला दोनदा सांगावे लागले, काका, जरा सैल सोडा, मला फक्त केबल कुठवर पोचते ते बघायचंय.

हर्षद हा शोरूमने पाठवलेला माणूस. जगनची सून ऋतुजा हिने विजेवर चालणारी गाडी घेतली होती आणि गाडीबरोबर घरी चार्जर बसवून मिळणार होता. त्यासाठी जागा पाहायला हर्षद पेणला आला होता. ओसरीच्या बाजूची ही भिंत जगनने त्याच्या येण्याआधीच तयार करून ठेवली होती. तिच्यावर व्हॉल्व्ह फिरवायची त्याची लोखंडी चावी टांगलेली असायची, टी आकाराची, उभी केली तर माणसाच्या छातीला लागणारी. ती काढून त्याने मागच्या पडवीत ठेवली, खाऱ्या हवेने फुगलेला गिलावा खरवडला, नवा केला आणि त्यावर पांढरा रंग दिला.

जगन नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता. बाप खाडीकाठच्या मिठागरात राबला. मुलगा गोड्या पाण्याच्या नोकरीला लागला म्हणून गावात त्याची थट्टा होई. पहाटे सायकलच्या दांडीला चावी बांधून निघायचे, एका आळीचे पाणी सोडायचे, दुसरीचे तोडायचे, हे त्याने निवृत्त होईपर्यंत केले. बढती मिळाली नाही, कधी मेमोही मिळाला नाही. त्याची स्वतःची आळी लाइनच्या शेवटाला होती आणि तिचा व्हॉल्व्ह तो शेवटीच उघडायचा. त्याची बायको पुतळी हे अजून विसरली नव्हती. पाहुणे आले की ती हटकून सांगायची, "अख्ख्या पेणला पाणी पाजलं यांनी. आमचा हंडा मात्र नळाखाली बसून राहायचा, सासरवाशिणीसारखा."

आताही ती ओसरीवर वाल वाळत घालत होती. वालांना करंट लागणार नाही ना, असे तिने हर्षदला विचारले. वालांना नाही लागत मावशी, हर्षद म्हणाला. मग मला लागेल म्हण, असे म्हणून तिने सूप थोडे लांब सरकवले.

हर्षदने मोबाईलवर दोन चार्जर दाखवले. एक साधा होता. गाडीला लावला की सुरू, काढला की बंद. दुसरा स्मार्ट. तो वायफायला जोडायचा, मोबाईलवरून वेळ ठरवून द्यायची, मग तो आपला आपण सुरू होतो. घरात फ्रिज, पंप, गिझर चालू असेल तर गाडीला वीज कमी देतो, घरचे आटोपले की वाढवतो. गाडी प्लगला लागली, भरली, की मोबाईलवर कळवतो.

जगनने हे सगळे लक्ष देऊन ऐकले.

"म्हंजे व्हॉल्व्हमन हाय तो," तो म्हणाला.

हर्षद हसला आणि म्हणाला, तसंच समजा. ऋतुजाही हसली. तिचा नवरा मिथुन, जगनचा एकुलता मुलगा, मोबाईलमध्ये काहीतरी पाहत होता. तो पेणजवळच्या एका कंपनीत स्टोअरला होता आणि त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता.

"साधा बरा," जगन म्हणाला. "व्हॉल्व्हमन घरात एक हाय. दुसरा कशाला?"

यामागे एक कारण होते, आणि ते घरातल्या सगळ्यांना माहीत होते. गाडी आल्यापासून ती साध्या प्लगवर चार्ज होत होती आणि ते काम जगनने आपल्याकडे घेतले होते. ऋतुजा रोह्याच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती. ती ड्युटीवरून आली की जगन बाहेर यायचा, केबल फडक्याने पुसायचा, प्लग लावायचा आणि गाडीचा हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच उभा राहायचा. पूर्वी शेवटच्या आळीत नळाशी उभा राहायचा तसा. नळातून आधी हवा येते, मग पाणी. हवेचा आवाज ऐकूनही तो कधी निघाला नाही, पाणी पाहूनच निघायचा.

हर्षदने भिंतीवर पेन्सिलीने तीन खुणा केल्या. चार्जर एकदाच फुकट बसवून मिळतो, तो म्हणाला, नंतर हलवायचा तर खर्च तुमचा. म्हणून नक्की काय ते आठवड्याभरात कळवा.

"गाडी रात्रीची कुठं असते?" त्याने जाता जाता विचारले.

"इथंच," जगन म्हणाला.

मिथुनने ऋतुजाकडे पाहिले. ऋतुजा भिंतीच्या रंगाकडे पाहत होती.

संध्याकाळी वाल गोळा करताना पुतळीने जगनला सांगितले. मुलांनी रोह्याजवळच्या अष्टमी गावात भाड्याची जागा पाहिली होती. रोह्याच्या पुलाअलीकडे, नवीन इमारतीत. ऋतुजाला तिथून हॉस्पिटल पुलापलीकडे एवढेच अंतर. मिथुन सकाळच्या रेल्वेने पेणला कामाला येईल, आठवड्यातून एखादी रात्र इथेच राहील. मालकाला हो म्हणायचे होते. पण तेवढ्यात जगनने चुना, पट्टी, ब्रश आणले.

"तुम्ही भिंत रंगवायला घेतलीत नि दोघांची तोंडं बंद झाली," पुतळी म्हणाली. "पोर मला म्हणाली, आई, मामांना आता कसं सांगू. मी म्हटलं, मी नाय सांगणार, माझा हंडा अजून भरायचा हाय."

"कितव्या मजल्यावर?" जगनने विचारले.

"तळमजला. गाडी दारात लागते म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हर्षदला स्वतः फोन केला आणि साधा चार्जर, पेणला, असे सांगून टाकले. फोन झाला तेव्हा ऋतुजा आत डबा भरत होती. तिने ऐकले. डब्याचे झाकण लावले आणि जाते मामा, असे नेहमीसारखे म्हणून निघाली. जगनने त्या दिवशी केबल दोनदा पुसली, असे पुतळीने नंतर मिथुनला सांगितले.

रोह्याला कान्हू म्हणून जगनचा जुना सोबती राहायचा. पाणीपुरवठ्यातलाच, गुडघ्यांनी जायबंदी झालेला. त्याला भेटायचे बरेच दिवस राहिले होते. ऋतुजाला दुपारची ड्युटी होती त्या दिवशी जगन म्हणाला, मी येतो तुझ्याबरोबर, परत रेल्वेने येईन. नवीन गाडीत तो इतका लांब प्रथमच जात होता. वडखळ मागे पडेपर्यंत तो गाडीच्या आवाज न करण्याबद्दल बोलला.

नागोठण्याच्या अलीकडे त्याने चहासाठी थांबायला सांगितले. ऋतुजा पुढे थांबू म्हणत होती. पुढे कशाला, इथे सावली आहे, जगन म्हणाला. चिंचेखाली एक टपरी होती. ऋतुजाने गाडी वळवून तिथे लावली, आणि वळवताना तिला जागा शोधावी लागली नाही, हे त्याने पाहिले.

टपरी चालवणारी बायजा चहा घेऊन गाडीपाशीच आली.

"आज जाग्या हाव, ताई? मी म्हटलं झोपायला आलाव." तिने जगनकडे पाहिले. "कोण, वडील?"

"सासरे," ऋतुजा म्हणाली.

"मग सांगा की त्यांना. रातपाळी करून येते नि स्टेअरिंगवर डोकं टाकून झोपते. काच खाली कर म्हणून मीच ओरडते. एकदा तर ट्रकवाल्याला वाटलं बेशुद्धच हाय. उठवता उठवत नव्हती."

ऋतुजा म्हणाली की पाच-दहा मिनिटं डोळा लागतो, एवढंच. बायजा म्हणाली, माझी भाकऱ्यांची चूल पेटून विझते तेवढी तुझी पाच मिनिटं. आणि कप घेऊन जायला परत येईन म्हणून ती गेली.

जगनने चहा संपवला. दारातला हिरवा दिवा लागेपर्यंत आपण उभे राहत होतो. त्याआधी ही इथे, या चिंचेखाली असायची. रातपाळीनंतर उशीर झाला की तो पुतळीला म्हणायचा, हॉस्पिटलात काम निघाले असेल. तिनेही तसेच सांगितलेले होते.

"कान्हूकडं नंतर जाऊ," तो म्हणाला. "अष्टमीची जागा दाखव."

ऋतुजाने रिकामे कप बायजाला परत दिले. मग तिने गाडी सुरू केली.

जागा साधी होती. चार मजली इमारत, खाली खांबांमध्ये गाड्यांची जागा, त्याला लागून तळमजल्याचा दरवाजा. खोल्या बंद होत्या, खिडकीतून ओटा आणि अर्धी भिंत दिसत होती. जगनने खिडकीतून एकदाच पाहिले. त्याला खोल्यांशी काम नव्हते. तो खांबांमध्ये फिरला. एका भिंतीला हात लावला, हाताला लागलेली पापडी अंगठ्याने चोळून पाहिली आणि मान हलवली. वरून येणारा पावसाळी पाइप कुठे उतरतो ते पाहिले. मीटरच्या पेटीपाशी गेला. मग दरवाजाजवळच्या खांबापाशी येऊन त्याने खिशातून मोबाईल काढला, चष्मा डोळ्यांवर सरकवला आणि रेंज पाहिली.

"त्या भिंतीवर पावसाचं तोंड येतंय," तो म्हणाला. "या खांबाला बसव."

"काय?"

"चार्जर गो. हर्षदला फोन लाव. मी सांगितलेलं रद्द कर."

हॉस्पिटलात ऋतुजा सरळ बोलणारी म्हणून ओळखली जायची; नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची असली की डॉक्टर तिला बरोबर घ्यायचे. इथे तिला वाक्य जमेना.

"तुम्ही भिंतीला रंग दिलात, मामा," ती अखेर म्हणाली.

"भिंतीला रंग लागतोच. गणपतीला द्यायचा तो आधी दिला." त्याने मोबाईल खिशात ठेवला, पुन्हा काढला. "नि साधा नको. तो दुसरा सांग."

"स्मार्ट? तुम्हाला तर तो नको होता."

"पेणला नको होता. इथं पायजे. तो गाडी लागली की मोबाईलवर कळवतो ना? कोणाच्या?"

"ज्याचा नंबर टाकू त्याच्या."

"माझा टाक."

ती हो म्हणाली. मग वळून गाडीतून पाण्याची बाटली आणते म्हणून गेली आणि थोडा वेळ गाडीपाशीच उभी राहिली. जगन खांबाकडे तोंड करून चार्जर किती उंचीवर हवा ते हाताने ठरवत राहिला.

कान्हूकडे त्या दिवशी दोघे म्हातारे बराच वेळ बसले. कान्हूने विचारले, सून वेगळी चालली म्हणतात. जगन म्हणाला, वेगळी कुठली, लाइन तीच हाय, फक्त टोक बदललं.

मुले गेली तेव्हा फारसे सामान गेले नाही. पुतळीने वालाची पिशवी बांधून दिली आणि बिरड्याला आधी भिजत घालायचे, मोड आणायचे, हे ऋतुजाला माहीत असलेले सगळे परत सांगितले. मिथुनने बापाच्या मोबाईलवर चार्जरचे अॅप घातले, दोनदा दाखवले. तिसऱ्यांदा दाखवू लागला तेव्हा जगन म्हणाला, "माझ्या हाताखाली सगळं पेण होतं. हे एक बटण हाय." रविवारी दोघे येणार होते. साधा प्लग ओसरीत होताच, त्याच्यावर जगनने पत्र्याचे छोटे छप्पर बसवले, पावसाचे पाणी येऊ नये म्हणून.

नव्या जागेतून ऋतुजाची पहिली रातपाळी झाली त्या सकाळी तो नेहमीच्या वेळी उठला. समोरच्या मूर्तींच्या कारखान्यातल्या बायका कच्चे, न रंगवलेले गणपती उन्हात आणून ठेवत होत्या. पूर्वी गाडी आत घ्यायची म्हणून त्यांना जागा ठेवावी लागे. आज त्यांनी मूर्ती ओसरीच्या पायरीपर्यंत मांडल्या. एकीने विचारले, मामा, चालेल ना? मांडा की, तो म्हणाला.

मग त्याने पडवीतून चावी आणली. ती पुसली. पांढऱ्या भिंतीवर हर्षदने केलेल्या पेन्सिलीच्या तीन खुणा अजून होत्या. मधल्या खुणेवर त्याने खिळा धरला आणि ठोकला. गिलावा चांगला धरला होता, जराही निघाला नाही.

चावी अडकवतानाच खिशातला मोबाईल थरथरला. त्याने तो काढून वाचला. वाचायला चष्मा लागत होता, तरी चष्म्याशिवायच वाचला.

"पोचली काय?" पुतळीने आतून विचारले.

"पोचली."

टांगलेली चावी खिळ्यावर हलत होती, भिंतीला लागून नव्या रंगावर ओरखडा उठला असता. जगनने तिला हात लावून थांबवले आणि ती पूर्ण स्थिर होईपर्यंत हात तसाच ठेवला.