तीन नंबरचं मशीन

आमच्या मुलीने स्वतःसाठी मुलगा पसंत केलाय, ही बातमी बायकोने मला मी गाडी धूत असताना दिली. मुद्दाम. माझे दोन्ही हात साबणाने भरलेले असले की मी कमी ओरडतो, असा तिचा अनुभव आहे.

"काय करतो?" मी विचारलं.

"तेलाच्या लाइनीत आहे."

"म्हणजे कंपनीत?"

"लाइनीत," ती म्हणाली आणि बादलीतलं पाणी बदलायला आत गेली.

म्हटलं, वाईट नाही. तेलाला मरण नाही. मी मनातल्या मनात डब्यांच्या थप्प्या रचल्या, गल्ल्यावर एक गुटगुटीत पोरगा बसवला आणि व्याही म्हणून एक पोट सुटलेला व्यापारीही उभा केला. नाव विचारलं तर बायको म्हणते, "पोरगीच सांगेल. तिचं म्हणणं, बाबांनी आधी माणूस बघावा, नाव मागनं ऐकावं. नाव आधी कळलं की तुमची उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"बघू कुठं मग?"

"दिसेल की. डोळे आहेत ना?"

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला. लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावते. त्याच सुमारास ती मला म्हणाली, "बाबा, पेट्रोल पुलाखालच्या पंपावर भरत जा. आणि तीन नंबरच्या मशीनलाच लावा."

"का?"

"लावा हो. गाडी बरी चालेल."

मी टॅक्सी चालवतो, स्वतःची. त्यामुळे पंप म्हणजे माझं दुसरं घर, आणि पहिल्या घराइतकीच तिथेही माझी किंमत. पेट्रोलचा भाव तर विचारूच नका. तेल महाग झालं की पंपाला सूर्य उगवायच्या आत कळतं. स्वस्त झालं की महिनाभर कुणाच्या कानावर येत नाही. बरं, भाव लावता तर लावा, निदान माणसासारखं वागा. हवा भरायच्या यंत्रावर 'बंद आहे' ही पाटी इतकी जुनी झाली होती, की पाटीच दुसऱ्यांदा रंगवून घेतली होती. काच पुसायच्या बादलीतलं पाणी काचेपेक्षा मळकं. सुटे मागितले की हातावर गोळी ठेवणार. कार्ड पुढे केलं की नेटवर्क नाही, नोट पुढे केली की सुटे नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पुलाखालच्या पंपावरही हेच सगळं होतं. पण तिथे तीन नंबरला एक उंच पोरगा होता. कंपनीची टोपी त्याला लहान व्हायची, ती डोक्यावर नुसती ठेवल्यासारखी दिसे. बाकीचे पोरगे नळी हातात घेऊन "झिरो बघा साहेब" म्हणायचे, तेही दुसरीकडे बघत. हा वाकून, खिडकीशी येऊन म्हणायचा, "काका, झिरो बघा."

"मी तुझा काका कधीपासून झालो रे?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

तो हसला. मला आणखी राग आला.

तेव्हापासून पेट्रोलबद्दलचा माझा सगळा राग मी त्या पोराच्या नावावर जमा करायला लागलो. भाव वाढला, त्याला बोललो. हवेचं यंत्र बंद, त्याला बोललो. "लुटा, लुटा, एकदा चड्डीसकट उतरवून घ्या," असं मी त्याला भर लाइनीत ऐकवलंय. भाव तो ठरवत नव्हता, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. पण भाव ठरवणारे माझ्या खिडकीशी येऊन उभे राहत नाहीत. हा राहायचा.

एक मात्र खरं. गाडी बरी चालायला लागली. तेवढ्याच पैशांत एखादी फेरी जास्त निघायची. स्टँडवर एकजण आहे, त्याला आम्ही खोकल्या म्हणतो, सारखा खोकतो म्हणून. त्याने विचारलंही, "तुझी गाडी हल्ली कमी पिते. केलंस काय?"

"पाय हलका ठेवतो," मी म्हणालो. तीन नंबरचं त्याला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्खं स्टँड तिथे रांगेत. मग मी कुठे जायचं?

रविवारी तो तेलाच्या लाइनीतला मुलगा घरी यायचा ठरला. बायकोने पडदे धुतले. एरवी बोलतेसुद्धा मोजून, ती मुलगी घरात गाणं गुणगुणायला लागली. मी नवा शर्ट इस्त्री करून घेतला.

आणि त्याच आठवड्यात भाव लागोपाठ चढला. सकाळी मागच्या सीटवर एक घाईतलं गिऱ्हाईक, टाकीचा काटा लाल पट्टीवर, आणि तीन नंबरला ही लांबच लांब रांग. एक नंबर रिकामं. त्या दिवशी नेमका तो पोरगा एक नंबरवर होता. मालकाने त्याची जागा बदलली होती. मी गाडी लावली तसा तो वाकला. झिरो बघा म्हणाला नाही. हळूच म्हणाला, "काका, थोडं थांबा. तीनला घ्या."

"का? यात पाणी आहे का?"

"घ्या ना तीनला. मी पुढे घ्यायला सांगतो."

"मला शहाणपण शिकवू नकोस. भर म्हणतो ना!"

त्याने भरलं. मी काट्याकडे बघत होतो. काटा जिथे चढायला हवा होता त्याच्या बराच अलीकडे बसला. झालं. मी खाली उतरलो, दार आपटलं आणि ओरडलो, "पाच लिटरचं माप आण!"

हे माप प्रत्येक पंपावर असतं आणि मागायचा हक्क प्रत्येकाला असतो, पण मागत कुणी नाही. प्रत्येकाला घाई असते. मी मागितलं. हॉर्न वाजायचे थांबले. लोक गाड्या सोडून जमले. माझं गिऱ्हाईक दुसरी टॅक्सी करून गेलं, ते मला नंतर कळलं. मालक काचेच्या केबिनमधून बाहेर आला, आणि सगळ्यांसमोर, दहाबारा मोबाइल रोखलेले असताना, त्या मापात पेट्रोल ओतलं गेलं. मशीनवर पाच लिटर पुरे झाले. मापातलं पेट्रोल खुणेच्या चांगलं बोटभर खाली राहिलं.

मालकाने मापाकडे पाहिलं, मोबाइलांकडे पाहिलं, आणि मग पोराकडे.

"हरामखोरा, हे धंदे करतोस होय माझ्या पंपावर? टोपी काढ. आजपासून तू नाहीस."

नळीवरचा पोरगा मशीनच्या पोटात हात कसा घालेल, हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. मला पडला होता. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थापसुद्धा मारली. इतक्या वर्षांत पंपावर मी पहिल्यांदा जिंकलो होतो.

पोराने टोपी काढली, मशीनवर ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि चालत गेला.

दुपारी जेवायला घरी गेलो तो वरातीतल्या नवऱ्यासारखा. मुलगी जेवणाच्या सुट्टीत आली होती. मी पहिल्या घासापासून सगळं रंगवून सांगितलं. माप कसं मागितलं, मालकाचा चेहरा कसा पडला. बोलता बोलता लक्षात आलं, की तिचा हात ताटात तसाच थांबलाय.

"कुठल्या मशीनला लावली होतीत?" तिने विचारलं.

"एक नंबर."

"मी तीन सांगितलं होतं."

"रांग होती."

"आणि मशीनवर कोण होतं?"

"तोच तो. काका काका करणारा, लहान टोपीचा."

बायकोने हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, तोच तो."

"तोच कोण?"

"तेलाच्या लाइनीतला."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. जावयाला मी रोज भेटत होतो, रोज शिव्या घालत होतो. आणि घरात एकालाही वाटलं नाही की या माणसाच्या कानात एक शब्द टाकावा. मी तसं म्हणालोही.

"तुम्ही त्याला नीट बघावं असं वाटत होतं मला," मुलगी म्हणाली. "तो म्हणायचा, काका रागीट आहेत पण बोलतात तरी. बाकीचे काचसुद्धा खाली करत नाहीत." मग तिचा आवाज फाटला. "तो सांगत होता ना तुम्हाला, तीनला घ्या?"

"म्हणजे त्याला ठाऊक होतं!" मला एकदम पाय टेकायला जमीन सापडली. "मशीन खोटं आहे हे ठाऊक असून नळी धरून उभा होता! आपल्या माणसाला तेवढं खरं, जगाला खोटं. असला जावई हवाय?"

"हो, ठाऊक होतं. नोकरी होती त्याची. आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं? तीन नंबरला गाडी जास्त चालते, हे तुम्हाला कळलं नव्हतं? स्टँडवर कुणाला सांगितलंत?"

मी म्हटलं, भाजीत मीठ जास्त झालंय.

"आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून," बायको पाण्याच्या तांब्याला उद्देशून म्हणाली.

रविवारी कुणी आलं नाही. धुतलेले पडदे तसेच लटकत राहिले. तो व्हिडिओ तोवर गावभर फिरला होता, त्यात मी छान दिसत होतो. पोरगा दुसऱ्या पंपांवर काम मागायला गेला, पण तोंड ओळखीचं झालेलं. चोराला नळी कोण देणार?

संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले, पण बोलणं सरळ. "बाबा, उद्या माझ्याबरोबर पंपावर चला. चार लोकांसमोर म्हणा, खोटं मशीन होतं, मुलगा नव्हता. व्हिडिओत तुम्ही आहात, तुमचं लोक ऐकतील. एवढं केलंत तर मी त्याला या घरात घेऊन येते. नाही केलंत तर मी त्याच्या घरी जाते, आणि मग तुम्ही मला बोलावू नका."

मी येतो म्हणालो. मनापासून म्हणालो. एकुलती एक पोर आहे, मी काही दगड नाही.

सोमवारी ती मागच्या सीटवर बसली, गिऱ्हाइकासारखी. काटा पुन्हा लाल पट्टीवर. पंपावर पोचलो तर मालकच केबिनमधून धावत आला. "या साहेब, या! तुमच्यासारखी जागी माणसं आहेत म्हणून पंपाची अब्रू वाचली." मला हाताला धरून आत नेलं. खुर्ची दिली, चहा मागवला. इतक्या वर्षांत पंपावर मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मी सुरुवात केली. "त्या पोराचं काय झालं, तर मशीन..."

त्याने दार लोटून घेतलं. "मशीनचं काढलंत तर पंपाला कुलूप लागेल. मग तुम्ही भराल कुठं? पलीकडचे काय संत आहेत?" मग खुर्ची जवळ ओढून, अगदी घरच्यासारखा, "तुम्ही आपले तीन नंबरला लावत जा. ते आपल्या माणसांसाठी असतं. रांगेत थांबू नका, पोरगा बाजूने घेईल."

काचेबाहेर रांग दिसत होती. भावाच्या फलकावर एकजण आकडा बदलत होता, अर्थात वाढवूनच. मी चहा प्यायलो. बोलणार होतो, पण अशा गोष्टी विचार करून बोलाव्यात.

गाडीत येऊन बसलो. "सांगितलंत?" मागून विचारणा झाली.

"सांगतो. आधी टाकी भरू दे. गाडी इथून हलायची तरी कशी?"

टाकीत खरंच थेंब नव्हता. कुणालाही विचारा. मी गाडी तीन नंबरला घेतली. नव्या पोऱ्याने रांगेतल्यांना हात करून मला बाजूने आत घेतलं, झाकण उघडलं, नळी आत घातली. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि अगदी हळू बंद झालं. ती आपटत नाही, ते माझं. आरशात बघितलं तर ती रांगेच्या कडेने चालत निघाली होती, त्याच बाजूला, जिकडे त्या दिवशी टोपी काढून तो गेला होता. मी हाक मारली. नळी टाकीत होती, गाडी काढता येत नव्हती. मागचे हॉर्न मारत होते.

"साहेब," पोऱ्या म्हणाला, "झिरो बघा."

"बघितला," मी म्हणालो. "भर."