पुराव्यात जमा झालेली विळी

साल होते २०२३. त्या वर्षी सिडनीच्या पोलिसांनी एका मोठ्या फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षाला पकडले. पण त्याच्याही आधी त्यांनी मला पकडले. हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी विळी आहे, आणि सांगते आहे ते सारे माझ्या समोर घडलेले किंवा माझ्याच पाटावर बसून बोललेले आहे.

माझे पाते चिपळूणच्या एका लोहाराने घडवले. पाट फणसाच्या लाकडाचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. पात्याच्या टोकाला कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दातेरी खवणी आहे. नारळ खवावा तर माझ्यावर! शोभाताई नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी मला पुण्याच्या संसारात आणले. मी मेथी चिरली, लाल भोपळे फोडले, फणसाचे गरे मोकळे केले. त्यांचा मुलगा सारंग शेजारी बसून खवलेला नारळ पळवायचा आणि हातावर चापटी खायचा.

पुढे सारंग शिकायला ऑस्ट्रेलियात गेला आणि तिथेच राहिला. वडील गेल्यावर त्याने आईला बोलावून घेतले. सिडनीच्या विमानतळावर लाकडी वस्तू तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मला उलटेसुलटे करून विचारले, "हे नेमके काय आहे?" शोभाताईंचे इंग्रजी बेताचे. त्यांनी मला फरशीवर ठेवले, पदर खोचला, पाटावर बसल्या आणि नसलेला नारळ खवून दाखवला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका मान मला पुण्यात कधी मिळाला नव्हता.

पण मान फार दिवस टिकत नाही. वेंटवर्थव्हिलच्या मोठ्या रस्त्यावर किराणा दुकानांत खवलेल्या नारळाची गोठवलेली पाकिटे मिळत. शोभाताईंचे गुडघे दुखू लागले, आणि एके दिवशी मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्रामागे जाऊन पडले. पात्यावर गंज चढला, खवणीत कोळ्याने जाळे विणले. घरात कुठे फोडणी बसली की तिचा वास तेवढा माझ्यापर्यंत यायचा.

सारंग तेव्हा त्या फुटबॉल महासंघाच्या सिडनीतल्या कचेरीत हिशेब तपासत असे. समुद्रातले कितीतरी बेटदेश त्या महासंघाचे सदस्य होते. त्यांच्या मुलींसाठी मैदाने बांधायची म्हणून निधी जमला होता. सारंग एका बेटावर मैदान पाहायला गेला, तर तिथे मैदान नव्हतेच. नुसती नारळाची झाडे आणि खेकडे! अध्यक्षांचा उजवा हात होता प्रताप, मुंबईचा, गोड बोलणारा. सारंगने त्याला विचारले, "मैदान कुठे आहे?" प्रताप म्हणाला, "मित्रा, तू आकडे बघ, खेकडे बघू नकोस." सारंगने त्या कामाच्या कागदांवर सही केली नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रतापने भर कचेरीत, सगळे जेवत असताना, त्याला नोकरीवरून काढले.

त्या संध्याकाळी सारंग गॅरेजमध्ये येऊन माझ्या शेजारी खोक्यावर बसून राहिला. मग त्याने माझा गंज घासला, पाते चिंचेने उजळले, तेलाचा हात फिरवला आणि मला स्वयंपाकघरात नेले. रोज तो माझ्यावर बसून नारळ खवू लागला. हातांना काम, मनाला विसावा. त्याची बायको अस्मिता इस्पितळातली शिफ्ट संपवून घरी यायची आणि म्हणायची, "ऑफिसने नारळ दिलाच आहे, आता खवून तरी ठेव!" आणि तिघेही हसत. तेवढेच हसू त्या दिवसांत घरात होते.

मित्रांनो, नोकरीवरून काढणे म्हणजे नारळ देणे, हे तुम्हाला सांगायला नको. पण सगळ्यांना ते ठाऊक नसते. पुढची सगळी गडबड त्यातूनच झाली.

झाले असे. पोलीस गुपचूप प्रतापचे फोन ऐकत होते. स्पर्धा कुठे भरवायची यासाठी अध्यक्ष मैदानांच्या निधीतून बेटांच्या प्रतिनिधींची मते विकत घेत, आणि लाचेला ते दोघे फळांची नावे देत. कुणाला 'अननस' पोचला, कुणाला 'पपई'. प्रताप एकदा मुंबईच्या भावाशी मराठीत बोलताना म्हणाला, "सारंग फार खोलात शिरत होता. त्याला नारळ दिला. आता वाट मोकळी." ते भाषांतर करायला पोलिसांनी मयूराला बसवले. मयूरा मेलबर्नजवळच्या वेरिबीत वाढलेली, हुशार मुलगी. घरी आई मराठीत बोले, ती इंग्रजीत उत्तर देई. तिच्या लेखी नारळ म्हणजे फळ. तिने लिहिले, 'सारंगला नारळ दिला.' अननस, पपई, नारळ. पोलिसांच्या डोक्यात चित्र पुरे झाले.

जुलैच्या थंडीत एका सकाळी ते झडतीचा हुकूम घेऊन घरी आले. पुढे जोॲन नावाच्या तपास अधिकारी होत्या, उंच, करड्या केसांच्या. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "हे हत्यार कसले?"

अस्मिता म्हणाली, "हत्यार नाही हो. नारळ खवायची विळी आहे."

"नारळ?" जोॲनबाईंनी सोबतच्या शिपायाकडे पाहिले. शिपायाने फ्रिज उघडला. आत सोललेले नारळ ओळीने बसलेले! त्यांनी नारळ उचलले, मलाही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि वर नंबरची चिठ्ठी लावली. शोभाताई ओरडल्या, "अहो, ओली आहे ती, पुसून तरी ठेवा!"

खरा घात ठाण्यावर झाला. जोॲनबाईंनी सारंगला विचारले, "प्रताप म्हणतो, त्याने तुम्हाला नारळ दिला. खरे आहे?" सारंगला वाटले, प्रतापचा फोन ऐकला असेल, त्याचेच शब्द इंग्रजीत विचारत आहेत. इतक्या दिवसांचा राग उफाळून आला. तो म्हणाला, "दिला ना! सगळ्यांसमोर दिला. जेवणही पुरे होऊ दिले नाही." झाले, कबुलीजबाब नोंदला गेला! त्याने मागाहून वकिलातर्फे खुलासा पाठवला, पण आता तो बनवाबनवी करतो आहे असेच त्यांना वाटले. त्याच्यावर खटला भरायची तयारी सुरू झाली. ज्याने चोरी दाखवली तोच चोर ठरत होता. तुरुंग झाला असता, या देशात राहायचा परवाना गेला असता आणि नाव कायमचे मातीत मिळाले असते.

ऑगस्टअखेरीस नारळी पौर्णिमा आली. शोभाताईंनी ठरवले, सण आहे, विळी परत मागायची. अस्मिता म्हणाली, "आई, अशा वेळी विळीचं काय घेऊन बसलात?" त्या म्हणाल्या, "मुलाला सोडवायचं मला जमत नाही. विळी तरी सोडवते." अस्मिताने गाडी काढली.

ठाण्यातल्या टेबलावर मला पिशवीतून काढून ठेवले. एका बाजूला शोभाताई, समोर जोॲनबाई, मध्ये दुभाषी म्हणून मयूरा. मी ओलीच बांधून ठेवलेली, त्यामुळे पात्यावर पुन्हा तांबडे डाग. ते पाहून शोभाताईंचा तोल गेला.

"काय दशा केलीत हिची! माझ्या मुलाला त्या प्रतापनं नारळ दिला, चांगली नोकरी घालवली, आणि तुम्ही आमच्याच घरातले नारळ उचलून नेता? लाज नाही वाटत?"

मयूरा भाषांतर करता करता थांबली. "आजी, वेट. नारळ दिला आणि नोकरी घालवली... या दोन गोष्टी आहेत ना?"

"दोन कशा गं? नारळ दिला म्हणजे काढून टाकला. हातात नारळ ठेवून निरोप द्यायचा, तसं. तुझ्या आईनं तुला शिकवलं नाही?"

 मयूराने तिथेच आईला फोन लावला. पलीकडून आई हसत म्हणाली, "अगं, कुणाला नारळ दिला? तुला का?" मयूराने फोन ठेवला. ती गप्प बसू शकली असती. टेबलापाशी बसलेल्या दोघींना एकमेकींचे बोलणे नीट कळत नव्हते, अस्मिता बाहेर थांबली होती, आणि मी विळी, मला कोण विचारतो? पण ती जोॲनबाईंकडे वळून म्हणाली, "माझं भाषांतर चुकलंय. त्याने लाच घेतली नाही. चोरी पकडली म्हणून त्याला काढलं. ही चूक माझी आहे, तसं लिहून घ्या."

जोॲनबाईंनी तसे लिहून घेतले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी माझे पाते पुसले.

दुसऱ्या भाषांतरकारांनी तेच सांगितले. कचेरीतल्या लोकांनी जेवणाच्या वेळची हकिगत सांगितली. सारंग आरोपी होता तो मुख्य साक्षीदार झाला, आणि वर्ष संपायच्या आत अध्यक्ष पकडले गेले. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला. मला न्यायालयात नेले, चिठ्ठीसकट. सारंगने नसलेल्या मैदानाची गोष्ट सांगितली. मग न्यायाधीशबाईंनी मयूराला विचारले, "निरोपाला नारळच का?" ती म्हणाली, "कारण आमच्याकडे कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत." मी टेबलावर पडल्या पडल्या सुखावले.

आता सगळ्यांचे पुढे काय झाले ते सांगते. अध्यक्ष दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. त्याआधीच महासंघाने त्यांना नारळ दिला होता. प्रतापने गुन्हा कबूल केला, त्याला थोडी कमी शिक्षा झाली. सारंग महासंघाच्या नव्या मंडळात मैदानांचे काम पाहतो. खेकड्यांच्या त्या बेटावर मुली आता खेळतात, आणि त्यांचा फोटो फ्रिजवर लावलेला आहे. अस्मिता अजून शिफ्टवरून येते आणि अजून टोमणे मारते. मयूराची नोकरी टिकली. सिडनीत काम असले की ती घरी येते, माझ्यावर बसून नारळ खवते आणि शोभाताईंना विचारत असते, "आजी, 'हात दाखवून अवलक्षण' म्हणजे काय? 'कानाला खडा' म्हणजे?" शोभाताईंना खाली बसवत नाही. त्या खुर्चीवरून सांगतात आणि मधूनच, "बोट सांभाळ!" म्हणून ओरडतात.

जोॲनबाई यंदा निवृत्त झाल्या. आम्हा सगळ्यांना भेटायला आल्या तेव्हा शोभाताईंनी कुंकू लावून त्यांच्या हातात एक नारळ ठेवला. बाईंनी नारळाकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे मला काढून टाकलं?" मयूरा म्हणाली, "नाही, हा निरोपाचा. या वेळी भाषांतर बरोबर आहे!"

मित्रांनो, विळी वापरली की लगेच पुसावी, कोरडी करावी, अधूनमधून तेलाचा हात द्यावा. न वापरता ठेवली तर ती गंजते. शब्दांचेही तसेच आहे. घरातले जुने शब्द गॅरेजमध्ये टाकू नका. मुलांसमोर बोला, त्यांच्याकडून बोलून घ्या. ते कोणत्या दिवशी कुणाला वाचवतील, सांगता येत नाही.

माझ्या पाटाखाली ती नंबरची चिठ्ठी अजून आहे. अस्मिता ती काढायला निघाली होती. शोभाताई म्हणाल्या, "राहू दे. कमावलेली आहे ती."