बंदरावरच्या लाकडी चिमणीची कबुली

हे मी सांगायचं नव्हतं. माझ्या पोटाखालची परदेशी कारखान्याची चिठ्ठी नखाने खरवडताना सूनबाईंनी बजावलं होतं, "आजपासून तू इथलीच. कळलं?" लाकडाला काय, गप्प बसायची सवयच असते. पण आज जे पाहिलं, ते पोटात ठेवलं तर मला चीर जाईल.

मी एक लाकडी चिमणी. माझं लाकूड एका देशातलं, रंग दुसऱ्या देशातला, आणि मला कोरणारं यंत्र तिसऱ्याच देशातलं. पाचशे बहिणींबरोबर खोक्यात बसून मी या बंदरावर आले.

दुकान सूनबाईंचं. चिमण्या मूळच्या त्यांच्या सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या. बाबा मागच्या खोलीत पटाशीने कोरत बसतात. आठवड्याला दोन. आणि परदेशी बोट एका वेळी दोन हजार माणसं उतरवते, तीही चार तासांसाठी. म्हणून सूनबाईंनी बाबांची एक चिमणी नमुना म्हणून कारखान्याला पाठवली. बाबांना सांगितलं, विकली गेली.

आज बोटीवरच्या एका बाईने मला उचललं आणि हट्टच धरला, कारागिराला भेटायचंय. बाबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले. त्यांना आता धूसर दिसतं, म्हणून त्यांनी मला अंगठ्याने चाचपलं. डाव्या पंखाखाली एक खाच लागली.

"माझीच ही!" ते हसले. "इथे पटाशी घसरली होती. लेकरा, अजून इथेच का तू?"

मला लेकरू म्हणाले! लाजेने माझा रंग उडायचाच बाकी होता.

बाईला बहिणीसाठी आणखी एक हवी होती. बाबांनी दुसरी उचलली. अंगठा थबकला. मग तिसरी. मग चौथी.

"सूनबाई, एकच चूक चार वेळा? माझा हात इतका शिस्तीचा कधीपासून झाला?"

सूनबाईंनी चौथी चिमणी त्यांच्या हातातून काढून घेतली. मग म्हणाल्या, "बाबा, बोट थांबत नाही हो. शेजारच्या सगळ्या दुकानांनी कारखान्यातूनच मागवल्या."

"आणि मी कोरतो त्या?"

"ट्रंकेत आहेत. सगळ्या. यांच्याशेजारी ठेवल्या की कुणी हातच लावत नाही."

बाबा खाली बसले. मला वाटलं, आता पटाशी फेकतील. पण ते हळूच म्हणाले, "त्या बाईंना सांग, यातली चूक तेवढी माझी. चिमणी माझी नाही. आणि ट्रंक आण."

सूनबाईंनी बाईच्या भाषेत सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. डोळे पुसत ट्रंक आणली. बाबांची चिमणी बाईच्या तळहातावर बसली. साधी, बारीक डोळ्यांची, मान किंचित वळवलेली. आता उडेल अशी!

बाईने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मला उचललं.

"हीच खरी वाटते," ती म्हणाली. "बोटीवरच्या जाहिरातीतल्या फोटोत अशीच होती."

सूनबाईंना हे बाबांना सांगवेना. बाबांनीही विचारलं नाही. त्यांनी आपली चिमणी ट्रंकेत ठेवली, इतक्या हळू की जणू ती झोपली होती.

आता मी बाईच्या पिशवीत आहे. बोटीचा भोंगा दोनदा वाजला. तुम्ही कधी त्या दुकानात गेलात, तर माझ्या बहिणींना हात लावू नका. ट्रंक उघडायला सांगा. आणि बाबांना एवढंच म्हणा की त्यांचीच चिमणी खरी, मी तर नुसती...

थांबा, पिशवी उघडतेय. बाई म्हणतेय, "ये गं, तुझा फोटो काढू..."